सेवेचं उट्टं

सासू गेली त्या दिवशी बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नात्यातले आले, शेजारचे आले, मुलांच्या ऑफिसातले आले, आणि जो तो थोरल्या सुनेचे हात हातात घेऊन तेच म्हणाला, "घरात नर्स होती म्हणून म्हातारीचे हाल झाले नाहीत हो. इतकी वर्षं अंथरुणात, पण पाठीला साधा ओरखडा नाही!" थोरली ड्यूटीवरून तशीच आलेली, पायात हॉस्पिटलचे पांढरे बूट. मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. आणि धाकटी? धाकटी स्वयंपाकघरात आल्यागेल्याचा चहा गाळत होती. तिनं गाळणं असं काही ओट्यावर आपटलं की दांडी निखळून बाजूला पडली.

आता तुम्हीच सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही? म्हातारीला उठवलं कुणी, बसवलं कुणी, भरवलं कुणी, चादरी कुणी बदलल्या? धाकटीनं. थोरली संध्याकाळी यायची, सासूची नाडी बघायची, गोळ्यांच्या डबीत डोकवायची आणि वर उपदेश करायची, "अगं, तिचं तिला उठू दे की. सारखी उचलू नकोस." धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही आणि जी मरमर मरतेय तिलाच शहाणपण शिकवायचं!

बरं, हे दुखणं नुसत्या कौतुकाचं असतं तर चार दिवस धुसफुस करून ती गप्प बसली असती. पण मूळ आणखी खोल होतं. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीचा नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. पुस्तकंसुद्धा आणून ठेवली होती, कव्हरं घालून. त्याच आठवड्यात सासू बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. थोरलीला नोकरी, मुलगे कामावर. मग राहिलं कोण? सासू पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "घरचा पेशंट टाकून बाहेरचे पेशंट शोधायला कशाला जायचं?" सगळे हसले. धाकटीचा नवराही हसला, तो बिचारा कशालाही हसतो. थोरली हसून म्हणाली, "पुढच्या वर्षी जा गं. कॉलेज कुठं पळून जातंय?"

ते पुढचं वर्ष सासू जिवंत असेपर्यंत काही आलं नाही.

म्हणून सासूचं सगळं आटोपल्यावर, तिशी उलटून गेलेली असताना, धाकटी त्याच कॉलेजच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. नर्स व्हायचं, थोरलीच्याच हॉस्पिटलात लागायचं, तिच्याच वॉर्डात, आणि चारचौघांत तिला विचारायचं, "काय हो ताई, म्हातारीचं खरं कुणी केलं?" बाकी पगार, मान, रुग्णसेवा वगैरे गोष्टी तिच्या मनात नव्हत्या असं नाही, पण त्या मागच्या रांगेत होत्या.

खिडकीतल्या कारकुनानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि जांभई दिली. "घरच्या माणसाचं केलेलं आम्ही अनुभवात धरत नाही. एखाद्या संस्थेत वर्षभर काम करा, तिथल्या इनचार्जची शिफारस आणा, मग बघू."

"अहो, पण मी सासूचं इतकी वर्षं..."

"ते काय, सगळ्याच सुना करतात," कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

धाकटी दातओठ खात बाहेर पडली आणि दुसऱ्याच सकाळी एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. लांबलचक व्हरांडा, भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी कठडा, प्रत्येक पलंगाशी एक घंटीचं बटण, सकाळी फिनेलचा आणि दुपारी सूपचा वास. काम तिच्या हाताखालून गेलेलं होतं. कूस वळवणं, पेशंटला न उठवता चादर बदलणं, बेसिन धरून तोंड धुणं, सगळं ती इतक्या झटझट करायची की बाकीच्या मुली बघत राहायच्या. पहिल्याच आठवड्यात तिला वाटलं, वर्ष काय, असं चुटकीसरशी जाईल.

आणि तिथंच आश्रमाच्या इनचार्जबाईंनी तिला अडवलं. बाई अंगानं भरदार, चष्मा साखळीनं गळ्यात लोंबकळणारा, आवाज कायम खालच्या पट्टीत. त्यांच्या आश्रमात एक रीत होती, तिला सगळे 'हात मागे' म्हणायचे. म्हणजे असं, की पेशंटला जे स्वतः जमण्यासारखं आहे ते करताना मदतनिसानं आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून उभं राहायचं. म्हातारा बटण लावतोय, भोक सापडत नाहीये, लागू दे अर्धा तास. हात मागे. म्हातारी मोजा घालतेय, टाच पुढे आली, परत काढून घालेल. हात मागे. पडायला लागली तरच हात पुढे आणायचे.

धाकटीला वाटलं, हा काय चावटपणा आहे! कामचुकारपणाला नियमाचं नाव दिलंय झालं. समोर म्हातारं माणूस झगडतंय आणि आपण पुतळ्यासारखं बघत उभं राहायचं? हे तर थोरलीचंच शिक्षण दिसतंय. बाई समोर असल्या की ती हात मागे घ्यायची आणि पाठ वळली की पटकन बटण लावून मोकळी व्हायची. म्हातारे खूश, कामही लवकर उरकायचं.

मग आठ-नऊ महिन्यांनी तिच्या वाट्याला मास्तरीणबाई आल्या.

आख्खा जन्म मुलींच्या शाळेत गेलेला. लग्न नाही, मूल नाही, जिभेला हाड नाही. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात कमजोर झालेला, पण अगदी निकामी नव्हे. जाड मुठीचा एक खास चमचा त्यांना दिला होता. तो धरून त्या अर्धं सूप तोंडात आणि अर्धं गाऊनवर असं करत का होईना, स्वतः जेवायच्या. आणि जेवताना तोंड बंद ठेवायचं त्यांना माहीत नव्हतं.

"ए, तुला नीट उभं राहता येत नाही का? पोक काढून काय उभी राहतेस?"

"हो, आजी."

"आजी कुणाची? बाई म्हण. तुझ्यासारख्या कितीतरी मुली मी बाकावर उभ्या केल्यात." मग एकदा कुठूनतरी कळलं म्हणून त्यांनी विचारलं, "नर्स व्हायचंय म्हणे तुला? तू? अगं, डोकं लागतं त्याला. तू भांडी घासायला बरी आहेस. हात चालतात तुझे, एवढंच."

इतर मुलींनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण धाकटीच्या कानात ते वाक्य सासूच्या आवाजात घुमलं. तीच ऐट, पडल्या जागेवरून सगळ्या जगाची लायकी ठरवायची. तिचा चेहरा पडला, मग सावरला, मग अगदी गोड झाला. खुर्ची ओढून ती मास्तरीणबाईंच्या शेजारी बसली.

"बाई, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? आणा तो चमचा. आ करा बघू."

मास्तरीणबाई आधी चिडल्या, हात झटकला. पण धाकटीचा हात सराईत. घास ना गरम, ना गार, ना मोठा, ना छोटा, आणि हनुवटी लगेच पुसलेली. दमलेल्या माणसाला ते सुख कुठं टाळता येतं? दोन दिवसांत त्या गप्प झाल्या. आठवड्याभरात धाकटी दारात दिसली की आपोआप आ करायला लागल्या. जी बाई आपली लायकी काढत होती ती आता तोंड उघडून आपल्या हाताकडे बघतेय. धाकटीला असं बरं वाटलं म्हणून सांगू! थंडीत कोमट पाण्यात पाय सोडून बसावं तसं. ती मुद्दाम एक घास हातातच धरून क्षणभर थांबायची. मास्तरीणबाई वाट बघायच्या. मगच ती तो घास द्यायची.

मग बटणंही तिनं लावली, केसही विंचरले, उशीही तिनंच सरकवली. मास्तरीणबाईंचा उजवा हात मांडीवर पडून राहायला लागला. बोटं आत वळायला लागली. महिन्या दोन महिन्यांनी व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या, त्यांनी तो हात उचलून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागच्या वेळी चमचा धरत होत्या या. आता मूठही होत नाहीये. काय झालं मध्ये?"

काय झालं ते इनचार्जबाईंना ठाऊक होतं. त्यांनी धाकटीला चादरींच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तू भरवतेस त्यांना."

धाकटी उसळली. "भरवते! त्यात काय पाप केलं? बाकीच्या नाही भरवत? गर्दीच्या वेळी सगळ्याच भरवतात."

"बाकीच्या घाईत भरवतात. नाहीतर दया येते म्हणून. तू भरवतेस तेव्हा मी दारातून तुझा चेहरा बघितलाय."

"काय असतं माझ्या चेहऱ्यावर?"

"समाधान," बाई म्हणाल्या. "आणि ते चांगल्या जातीचं नाही."

धाकटी समोरच्या चादरींच्या घड्या उगाचच सारख्या करायला लागली.

"तुझं वर्ष संपत आलंय," बाई त्याच खालच्या आवाजात पुढे म्हणाल्या. "शिफारस माझ्या हातात आहे. मास्तरीणबाईंनी वाटीभर सूप स्वतःच्या हातानं प्यायलं तर देईन. नाही प्यायलं तर दुसरी संस्था शोध आणि पहिल्यापासून सुरू कर. तुझं वयही बघ, किती वेळा पहिल्यापासून सुरू करणार?"

त्या दिवशी धाकटी घरी आली ती धुमसतच. नवऱ्यानं काहीतरी विनोद केला, त्याच्या अंगावर ती अशी खेकसली की तो गॅलरीतच जाऊन बसला. तिच्या डोळ्यांपुढून कपाटावर ठेवलेला सासूचा वॉकर हलत नव्हता.

हो, वॉकर. हाड जुळल्यावर डॉक्टरांनी दिला होता. सासू त्याच्या आधारानं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायला लागली होती. येऊन म्हणायची, "मीठ कमी पडलंय गं," आणि परत जायची. एक दिवस धाकटीनं तो वॉकर उचलून कपाटावर टाकला. म्हणाली, "आई, परत पडाल बिडाल. मी आहे ना? नुसती हाक मारा." सासू हाक मारायची, "धाकटे!" धाकटी जायची, पण लगेच नाही. हातातलं निवांत आवरून जायची. मग उचलायची, बसवायची, पुसायची, सगळं निगुतीनं. आणि मनात म्हणायची, मला घरी बसवलंस ना? आता तूही बस. हळूहळू सासूचे पाय गेले, मग हात गेले, मग ती हाक मारायचीही थांबली. नुसती दाराकडे बघत राहायची. लोक म्हणायचे, काय सेवा करते हो सून! सेवा कसली? ती उट्टं काढत होती, आणि हे त्या घरात दोघींनाच कळत होतं. एक ती स्वतः. दुसरी थोरली. तिनंही 'तिचं तिला उठू दे' याच्यापुढे कधी काही म्हटलं नाही.

धाकटीला लाज वाटली का? वाटली असावी. पण त्याहून जास्त राग आला. आता हेही गिळायचं आणि शिफारसही घालवायची? छे! दुसऱ्या दिवशी ती मास्तरीणबाईंच्या समोर सूपची वाटी ठेवून, जाड मुठीचा चमचा त्यांच्या हाताशी ठेवून, आपले हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

मास्तरीणबाईंनी सवयीनं आ केला. घास आला नाही. त्यांनी वर बघितलं.

"हे काय नवीन?"

"तुमचं तुम्ही घ्यायचं, बाई."

"का? काल काय हात मोडला तुझा?"

शेजारच्या पलंगाची चादर बदलणारी मुलगी नको तिथं तोंड घालणारी होती, आणि बंद दारांना कान लावणारीही. "अहो बाई, प्या हो सूप. नाहीतर हिची शिफारस जाईल, कॉलेज बुडेल हिचं."

"अस्सं!" मास्तरीणबाईंचे डोळे चमकले. "म्हणजे हिचं कॉलेज माझ्या चमच्यावर लटकलंय होय?" आणि त्यांनी उजवा हात सावकाश पांघरुणाखाली घालून टाकला.

झालं! तिथून पुढे रोज हाच तमाशा. धाकटीच्या पाळीत मास्तरीणबाई चमच्याला शिवायच्या नाहीत. पाळी बदलली की दुसरीकडून निमूटपणे भरवून घ्यायच्या. धाकटीनं गोड बोलून बघितलं, विनवून बघितलं, एकदा तर हात जोडले. मास्तरीणबाई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "भांडी घासायला बरी आहेस तू." इनचार्जबाई रोज दारात येऊन उभ्या राहायच्या, भरलेली वाटी बघायच्या आणि निघून जायच्या. कॉलेजात अर्ज देण्याची मुदत डोक्यावर आली.

मुदतीच्या आदल्या दुपारी धाकटीनं वाटी ठेवली, चमचा ठेवला, पण हात मागे घेतले नाहीत. ती खुर्ची ओढून बसली आणि अगदी मास्तरीणबाईंच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली.

"नका घेऊ, बाई. तुमची मर्जी. मी काही कुठं जात नाही आता. शिफारस गेली, कॉलेज गेलं, मी इथंच राहते, तुमच्याच पलंगापाशी. तुम्हाला माहितीय, माझी सासू अशीच होती. तुमच्यासारखीच जीभ. तिनं मला शिकू दिलं नाही. मी तिला एक शब्द उलट बोलले नाही. तिचा वॉकर कपाटावर टाकला आणि तिची सेवा केली. उचललं, भरवलं, पुसलं. एकेक करून तिचं सगळं काढून घेतलं, बाई, पाय, हात, सगळं, आणि जग मला शाबासकी देत होतं. थोडी शाबासकी थोरल्या जावेनं पळवली म्हणून मी आजपर्यंत तिच्या नावानं बोटं मोडतेय! तुमचा हात जवळजवळ गेलाच आहे. मान अजून चांगली आहे. सावकाश होईल. घाई कसली? आ करा."

मास्तरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लालबुंद झाला. पांघरूण हललं. उजवा हात बाहेर आला, थरथरत, बोटं आत वळलेली. चमच्यावर आपटला, घसरला, परत आपटला. डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली आणि त्या जाड मुठीवर दाबली. सूप सांडलं, ट्रेवर, चादरीवर, गाऊनवर. पहिला घास ओठांच्या बाजूनं गेला. दुसरा आत गेला. धाकटीच्या डोळ्यांतून डोळे न काढता ती बाई घासामागून घास घेत राहिली, जणू प्रत्येक घास धाकटीच्या नरड्यात कोंबतेय. घामानं कपाळ निथळत होतं. वाटीचा तळ दिसला तसा त्यांनी चमचा खणकन ट्रेवर टाकला.

दारात इनचार्जबाई उभ्या होत्या.

"बाप रे," त्या म्हणाल्या. त्यांनी धाकटीला व्हरांड्यात ओढलं. "काय सांगितलंस गं त्यांना?"

बोलायची वेळ हीच होती. धाकटीनं एकदा बाईंच्या गळ्यातल्या चष्म्याकडे बघितलं.

"काही नाही. जरा चिडवलं. काहीबाही बनवून सांगितलं."

बाई खळखळून हसल्या. त्यांना हसताना तिथं कुणी बघितलं नव्हतं. "अगं, हेच तर हवं असतं! पेशंटची नस सापडली पाहिजे. मी तुझ्याबद्दल चुकलेच." त्यांनी तिथल्या तिथं शिफारस लिहून दिली, सगळ्या मुलींना बोलावून सांगितलं, मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आगाऊ मुलीनं धाकटीला मिठीसुद्धा मारली. धाकटीला इतकं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं, चारचौघांत, तिच्या एकटीचं. ती हसत होती. ते हसू तिच्या गालांना जड झालं होतं.

ट्रे उचलायला म्हणून ती परत खोलीत गेली. मास्तरीणबाई तशाच बसल्या होत्या, सूपनं माखलेल्या.

"बनवून सांगितलंस म्हणे," त्या म्हणाल्या. "दार उघडं होतं, सगळं ऐकलं मी."

"हो बाई. तुम्हाला राग यावा म्हणून."

"जन्मभर मुलींची खोटी तोंडं बघितलीत मी. सासूचं खरं होतं."

धाकटीनं ट्रे उचलला आणि परत खाली ठेवला. "सांगणार आहात का इनचार्जना?"

"मुळीच नाही." मास्तरीणबाईंना धाप लागली होती, पण आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. "सांगितलं तर तुला काढतील. मग घरी बसशील, त्या जावेच्या नावानं खडे फोडशील आणि सुखानं म्हातारी होशील. नाही. तू जा. नर्स हो. रोज कुणीतरी म्हातारी तुझ्यापुढे तोंड उघडून बसेल, आणि रोज तुझं तुलाच कळेल आपण कशासाठी भरवतोय ते. दुसरं कुणी ओळखणार नाही. मी काही सुटी देणार नाही तुला त्यातून."

त्यांच्या हनुवटीवरून सूप ओघळत गळ्याकडे चाललं होतं. धाकटीचा हात आपोआप रुमालाकडे गेला.

"हात लावू नकोस मला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

धाकटी शिफारशीचा कागद मुठीत धरून तिथंच उभी राहिली. ते सूप पुसायला तिचे हात शिवशिवत होते, आणि आता तिला कारण माहीत होतं.